करवाढीला विरोधाचा ठराव करण्याआधी आपल्या बिलाचा हिशेब मांडा

प्रश्न मुलुंड पूर्वेच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरींचा आहे. इमारत पंचवीसेक वर्षांची, 28 सदनिका आणि तळमजल्यावर 4 दुकानं. मालमत्ता करवाढीच्या प्रस्तावावर त्यांनी विशेष सभा बोलावली आणि सभेत सरळ तट पडले. पेन्शनवर जगणारे सभासद म्हणाले, एक रुपयाही वाढ नको. लहान सदनिकांवाल्यांनी सांगितलं, आमचा कर माफ आहे, आम्हाला यात ओढू नका. दुकानदारांचं म्हणणं, दरवेळी आमच्याच मानेवर सुरी. आणि नव्याने घर घेतलेल्या एका जोडप्याने विचारलं की रस्ते आणि नाले हवेत तर पैसे कुठून येणार? सेक्रेटरींचे प्रश्न दोन आहेत: वाढ झाली तर नेमकी किती बसेल, आणि संस्थेने विरोधाचा ठराव करून पाठवावा का?

मी अनेक वर्षं गृहनिर्माण संस्थांची करनिर्धारणाची कामं करतो आहे. अशा सभांमध्ये पहिला प्रश्न सुटण्याआधीच दुसऱ्यावर भांडण सुरू होतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून आधी आकड्यांकडे येऊ.

मुंबईत 2010 पर्यंत कर ‘करपात्र मूल्या’वर लागायचा. म्हणजे तुमची जागा भाड्याने दिली तर वर्षाला किती भाडं येईल, त्यावर. पण मुंबईत भाडं गोठलेलं होतं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींचं प्रमाण भाडं 1940 च्या पातळीला बांधून ठेवलं आणि करही त्या भाड्याला बांधला गेला. परिणाम असा की दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या जागेवरची जुनी इमारत नाममात्र कर भरायची आणि बोरिवली, मुलुंड, दहिसरला कर्ज काढून नवं घर घेतलेला नोकरदार तिच्या कित्येक पट. उपनगरातल्या लोकांनी हा अन्याय वर्षानुवर्षं सोसला. 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत आली ती या पार्श्वभूमीवर. ‘जुनी पद्धतच बरी होती’ असं सभेत कोणी म्हणालं तर मुलुंडकरांनी तरी त्याला मान डोलावू नये.

आताचा हिशेब असा चालतो: मुद्रांक शुल्काच्या रेडी रेकनरमधला, म्हणजे सरकारी दरांच्या यादीतला, तुमच्या विभागाचा दर, गुणिले कारपेट (भिंतींच्या आतलं) क्षेत्रफळ, गुणिले काही घटक. जागेचा वापर काय, बांधकाम आरसीसी आहे की अर्धपक्कं, इमारत किती जुनी आणि मजला कोणता, हे ते घटक. यातून सदनिकेचं भांडवली मूल्य निघतं आणि त्यावर टक्केवारीने कर लागतो. बिलात एकच रक्कम दिसत असली तरी आत बऱ्याच ओळी असतात: सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिकेचा आणि राज्याचा शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर. पाण्याला मीटर नसेल तर जल कर आणि मलनिःसारण करही त्यात येतात. मीटर असलेल्या संस्थेला पाण्याचं बिल वेगळं येतं आणि पाण्याच्या दरवाढीचा निर्णयही वेगळा होतो. सभेत लोक या दोन वाढी एकत्र करून बोलतात, ते सेक्रेटरींनी तिथल्या तिथे थांबवावं.

रेडी रेकनर दुप्पट झाला तर कर दुप्पट होईल, ही भीती प्रत्येक सभेत ऐकू येते. तसं होत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 मध्येच त्यावर झाकण आहे. दर पाच वर्षांनी भांडवली मूल्याची फेररचना करायची, पण त्या फेररचनेमुळे होणारी वाढ आदल्या वर्षीच्या कराच्या 40 टक्क्यांपलीकडे न्यायची नाही. इमारतीचा पुनर्विकास झाला, नवं बांधकाम झालं किंवा घराचं दुकान केलं तर गोष्ट निराळी, तिथे नवं करनिर्धारण होतं. तुमच्या इमारतीत यातलं काही झालेलं नाही.

आता आकडा घेऊ. समजा 620 चौरस फुटांच्या सदनिकेचा वर्षाचा कर आज 9,000 रुपये आहे. कायद्याने जास्तीत जास्त होऊ शकते ती वाढ 3,600 रुपये, म्हणजे महिन्याला 300. वाढ 15 टक्के झाली तर वर्षाला 1,350, महिन्याला 112 रुपये 50 पैसे. हे दोन आकडे सभेत फळ्यावर लिहा. पेन्शनवर जगणाऱ्याला 300 रुपये कमी नाहीत, औषधांच्या बिलाशेजारी ते टोचतात. पण चर्चा 300 रुपयांवर व्हावी, मनातल्या दुपटीवर नको.

यानंतर जे सांगतो ते मला या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाढीचा टक्का ठरायचा तेव्हा ठरेल. तो ज्या रकमेवर बसणार ती रकमच चुकीची असेल तर? संस्थेच्या नावाने बिल एक येतं, पण भांडवली मूल्य सदनिकानिहाय काढलेलं असतं. तो तक्ता बहुतेक कमिट्यांनी कधी उघडून पाहिलेला नसतो. महापालिकेच्या पोर्टलवर मालमत्तेचा सॅक नंबर (बिलावरचा खाते क्रमांक) टाकून तपशील पाहता येतो, नाहीतर वॉर्ड ऑफिसच्या करनिर्धारण व संकलन विभागात लेखी अर्ज द्यावा. तक्ता हातात आला की प्रत्येक ओळ त्या त्या सभासदाच्या करारनाम्यासमोर ठेवायची.

भांडुपच्या एका संस्थेत एका सदनिकेसमोर 560 चौरस फूट कारपेट लिहिलेलं होतं. करारनाम्यात 560 हा आकडा होता, पण बिल्टअपचा, म्हणजे भिंतींसकटचा. संस्थेनेच पूर्वी कधीतरी दिलेल्या यादीत ‘बिल्टअप’ हा शब्द गळाला होता. सर्वसाधारण हिशेबाने बिल्टअप भागिले 1.2 म्हणजे कारपेट, इथे साधारण 467 चौरस फूट. प्रत्यक्ष मोजणीतही जवळपास तेवढंच निघालं. म्हणजे ते घर 500 चौरस फुटांच्या आत होतं, त्याला पूर्ण माफी होती, आणि त्या घरातल्या विधवा आजी दर सहा महिन्यांनी कर भरत होत्या. त्याच यादीतल्या आणखी काही ओळींनाही हाच रोग होता. करारनामे, मंजूर नकाशा आणि मोजणीचा दाखला लावून अर्ज केला तेव्हा नोंद बदलली. त्या संस्थेच्या सभेतही वाढीवर घसाफोड झाली होती, पण हा कागद कोणी मागवला नव्हता.

तक्त्यात आणखी दोन गोष्टी बघा. पहिली, वापर. एखाद्या सदनिकेत पूर्वी दवाखाना किंवा क्लास असेल आणि आता तिथे कुटुंब राहत असेल तर नोंद अजून अनिवासी राहिलेली असू शकते आणि अनिवासी दर बराच चढा असतो. उलटही घडतं: घरात ऑफिस थाटलंय आणि नोंद निवासी आहे. ते लपवायला मी सांगणार नाही. दुसरी गोष्ट, इमारतीचं वय. बांधकाम पूर्ण झाल्याचं वर्ष चुकलं की घसाऱ्याचा, म्हणजे जुनेपणामुळे मूल्य कमी करण्याचा, घटक चुकतो आणि तो फटका सगळ्या 28 घरांना बसतो.

माफीबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या सभेतली खरी फूट तिथेच आहे. 46.45 चौरस मीटर, म्हणजे 500 चौरस फूट कारपेटपर्यंतच्या निवासी सदनिकांना 2019 मध्ये आधी फक्त सर्वसाधारण कर माफ झाला. बाकीचे कर चालूच राहिले, त्यामुळे लोक गोंधळले. 1 जानेवारी 2022 पासून मात्र पूर्ण माफी आली. ज्यांना ती मिळते त्यांच्याबद्दल मला मत्सर नाही. पण सवलतीची मांडणी बघा: ती क्षेत्रफळाला आहे, किमतीला नाही आणि मालकाच्या उत्पन्नालाही नाही. दादर-वरळीकडे 490 चौरस फुटांचा नवा फ्लॅट असलेला काहीही भरत नाही. दहिसर किंवा गोवंडीला 520 चौरस फूट असलेला पहिल्या फुटापासून पूर्ण भरतो. 500 पर्यंत माफ आणि वरच्या 20 फुटांवर कर, असं नाही. सीमा ओलांडली की सगळं करपात्र. तुमच्या इमारतीत एकाच मजल्यावर 480 आणि 530 चे शेजारी असतील तर त्यांच्या खिशात फारसा फरक नसेल, पण बिलात जमीन-अस्मानाचा आहे.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरं मिळतात. त्या घरांची बाजारातली किंमत कोटींत, पण त्यात राहणारी कुटुंबं पोलीस, गिरणी कामगार, पालिका कर्मचाऱ्यांची. किंमत वाढली म्हणून त्यांच्या घरात रोकड आलेली नाही. तुमच्या मुलुंडलाही हेच होतंय. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आणि मेट्रो 4 ची कामं चालू आहेत, त्यांच्यामुळे भाव चढतील, रेडी रेकनर चढेल, आणि निवृत्त शिक्षकाची पेन्शन आहे तिथेच राहील. घर विकलं तरच ती किंमत हातात येते आणि राहतं घर कोणी कर भरायला विकत नाही. भांडवली मूल्याच्या पद्धतीतली ही खरी उणीव आहे आणि पेन्शनरांचा राग तिच्यातून येतो. त्यांना ‘विकास हवा तर पैसे द्या’ असं ऐकवणं हे उत्तर नव्हे.

मग वाढच नको म्हणायचं का? इथे माझं मत अनेकांना आवडणार नाही. मी सरसकट गोठवणुकीच्या विरोधात आहे. 2015 मध्ये फेररचना झाली. पुढची 2020 ला यायला हवी होती, ती कोविडमुळे लांबली आणि मग लांबतच गेली. डिसेंबर 2023 मध्ये वाढीव रकमेची बिलं निघाली, ओरड झाली, बिलं मागे घ्यावी लागली. 2024 च्या सुरुवातीला राज्य मंत्रिमंडळाने 2023-24 साठी वाढ न करण्याचा निर्णय घेतला. त्या वर्षाची बिलं वर्ष संपता संपता हातात आली आणि भरण्याची मुदत मे महिन्यापर्यंत न्यावी लागली. लोकांना तेव्हा हायसं वाटलं. पण वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली वाढ कुठे जात नाही, ती साचते. वर्षाला दोन-तीन टक्के कोणाच्या लक्षातही आले नसते. त्याऐवजी एक दिवस पंधरा, वीस, चाळीसचा आकडा समोर येतो आणि पेन्शनरालाच तो सगळ्यात जोरात लागतो. आणखी वाईट म्हणजे मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक होता. कराचा दर ठरवण्याची चर्चा ज्या सभागृहात व्हायची तेच रिकामं असेल तर लोकांना वाढ लादल्यासारखी वाटणारच.

पैशाची गरज खरी आहे का, हे नव्या जोडप्याने विचारलं ते योग्यच. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली. जकात ही मुंबई महापालिकेची सगळ्यात मोठी कमाई होती, नाक्यावर रोज रोख येणारी. तिच्या बदल्यात राज्याकडून कायद्याने भरपाई मिळते, पण भरपाई ही दुसऱ्याच्या हातातली गोष्ट. महापालिकेने स्वतः आकारायचा मोठा कर म्हणून मालमत्ता करच उरला. 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता आणि त्यातला अर्ध्याहून मोठा वाटा भांडवली कामांचा. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथली सात मलजल प्रक्रिया केंद्रं त्यात येतात. आज समुद्रात आणि खाडीत जाणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न या केंद्रांशी बांधलेला आहे. ‘ठेवी एवढ्या पडल्यात, मग कर का?’ असं सभेत कोणीतरी विचारतंच. ठेवी मोठ्या आहेत, खरं. पण त्यातला मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधी, पेन्शन आणि ठेकेदारांच्या अनामत रकमांचा असतो, आणि हाती घेतलेल्या कामांची देणी ठेवींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. म्हणून हा मुद्दा ठरावात घालू नका. उत्तर देणारा एका वाक्यात तो खोडेल.

ज्याला उत्तर देणं अवघड जाईल असा मुद्दा आहे वाटणीचा. कर कोण भरतंय आणि कोण भरत नाही? मोठ्या थकबाकीदारांच्या याद्या महापालिका स्वतः प्रसिद्ध करते. त्यातल्या बऱ्याच रकमा वर्षानुवर्षं कोर्टात अडकलेल्या असतात. मोकळ्या जमिनींचा वाद तर गाजलाच: 2010 आणि 2015 च्या भांडवली मूल्य नियमांतले 20, 21 आणि 22 हे नियम मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. भविष्यात किती एफएसआय (जमिनीवर बांधकाम करायची मर्यादा) मिळू शकेल यावर आजचा कर लावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. कायद्याच्या दृष्टीने निकाल पटण्यासारखा आहे. पण विकासकांच्या जमिनींवरचा कर कमी झाला की त्या खड्ड्याची भरपाई कुठून करायची हा प्रश्न उभा राहतो, आणि सगळ्यात सोपं सावज म्हणजे वेळेवर भरणारी मध्यम आकाराची सोसायटी. 2025-26 च्या अर्थसंकल्पात झोपडपट्टीतल्या व्यावसायिक गाळ्यांना कर लावण्याची घोषणा झाली. तिथल्या गोदामाला, हॉटेलला कर लागावा या मताचा मी आहे. मात्र कर घेतला म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असा अर्थ निघू नये आणि घरातच शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईला गाळेधारक ठरवू नये.

दुकानदारांबद्दल दोन शब्द. अनिवासी दर जास्त असतो हे धोरण आहे, ते तुमच्या सभेत बदलणार नाही. पण मूळ बिलाची वाटणी बघा. काही संस्था एकूण कर सगळ्यांत समान वाटून टाकतात किंवा मेन्टेनन्समध्ये मिसळतात. ते चूक आहे. आदर्श उपविधींप्रमाणे मालमत्ता कर प्रत्येक जागेवर जेवढा बसवला आहे तेवढाच त्या सभासदाकडून घ्यायचा. समान वाटायचे असतात ते सेवाशुल्काचे खर्च. समान वाटणीत माफी असलेला सभासद उगाच भरतो आणि दुकानाचा चढा कर घरांवर पसरतो. तुमच्या लहान सदनिकांवाल्यांनी ‘आम्हाला काय फरक’ म्हणण्याआधी आपल्या मेन्टेनन्सच्या बिलात कराची ओळ शून्य आहे का ते बघावं. नसेल तर तेही या वादात आहेत.

आता ठराव. ‘आमचा वाढीला तीव्र विरोध आहे’ एवढ्या वाक्याचा ठराव पाठवून काही होत नाही, तो फाइलला लागतो. मी तुमच्या जागी असतो तर चार मागण्या लिहिल्या असत्या. फेररचना वेळेवर व्हावी आणि साचलेली वाढ एका फटक्यात न देता दोन-तीन वर्षांत टप्प्याने द्यावी. 500 च्या सीमेवरचा कडा मोडावा: 500 ते 700 चौरस फुटांना उतरती सवलत द्यावी, 60 टक्के सवलतीची मागणी 2017 मध्येच पुढे आली होती. स्वतः राहत असलेल्या एकाच घरावर पेन्शनखेरीज उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना वाढीतून सूट मिळावी. आणि वाढीतून मिळणारी रक्कम आपल्या टी वॉर्डात कुठल्या कामांवर लागणार, ते बिलांआधी जाहीर व्हावं. हा ठराव आपल्या नगरसेवकाला आणि वॉर्डाच्या सहायक आयुक्तांना द्या, पोचपावती घ्या, आणि शेजारच्या संस्थांनाही त्याच मजकुराचा ठराव करायला सांगा.

बिल न भरण्याचा विचार सभेत निघाला असेल तर तो तिथेच थांबवा. बिल आल्यापासून 90 दिवसांनंतर दरमहा 2 टक्के दंड चालू होतो. तो वर्षभर चालू राहिला तर 9,000 वर 2,160 रुपये होतो. म्हणजे जी वाढ टाळायला निघालात तिच्या निम्म्याहून जास्त रक्कम दंडातच गेली, आणि पुढे जप्तीची नोटीस संस्थेच्या नावाने येते, भरणाऱ्यांनाही धरून. आक्षेप असेल तर रक्कम हरकत राखून भरावी आणि तसं पत्र सोबत द्यावं. भांडवली मूल्य बदलल्याची विशेष नोटीस आली तर तिच्यावर लिहिलेल्या मुदतीत लेखी तक्रार करणं अत्यावश्यक आहे. तक्रार केली नाही किंवा तिचा निकाल लागला नाही तर महापालिका अधिनियमाच्या कलम 217 खाली लघुवाद न्यायालयात अपीलच ऐकलं जात नाही, आणि अपिलालाही कराची रक्कम आधी भरलेली असावी लागते. मुदत हुकलेल्या संस्था माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या बाजूने मुद्दा असूनही हातात काही उरलेलं नसतं.

या आठवड्यात तक्त्यासाठी अर्ज द्या. तो मिळाला की पुढची सभा लावा, आणि त्या सभेला 480 वाल्यांना, 530 वाल्यांना आणि चारही दुकानदारांना आपापल्या करारनाम्याची प्रत घेऊन यायला सांगा.